तासिकेवरचे सर

त्यांच्या जागेवर मी बसलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नंतर कोणाकडून तरी कळेल आणि वाचणारा म्हणेल, लेकाने मुद्द्याचं तेवढं लपवलं. अकोल्याच्या ज्या कॉलेजात ते वीस वर्षं तासिकेवर इंग्रजी शिकवत होते, त्याच कॉलेजात, त्याच विषयाला, गेली चार वर्षं मी पर्मनंट आहे. ती जागा त्यांना हवी होती. आयुष्यात त्यांनी दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

तासिकेवर म्हणजे काय, ते आमच्याकडे एमए झालेल्या प्रत्येक पोट्ट्याला माहीत असतं. जुलैत कॉलेजचं पत्र येतं. जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही प्राध्यापक. एप्रिलमध्ये परीक्षा लागल्या की पत्राची मुदत संपते आणि तुम्ही कोणीच नसता. पुढच्या जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा पत्र. सरांकडे अशी वीस पत्रं होती, एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर्षवार लावलेली. "मी हंगामी पीक आहो," असं ते म्हणायचे, "अन् तेही कोरडवाहू."

मला ते भेटले ते मात्र अमरावतीत. राजापेठेत एका मेडिकलच्या वरच्या माडीवर परदेशी जाणाऱ्यांचा इंग्रजीचा क्लास होता. कॅनडाला जायच्या नर्स, हॉटेलात लागलेली पोरं, नवऱ्यामागे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या नव्या सुना, अशी सगळी मंडळी. त्या परीक्षेत एक बोलायचा पेपर असतो. परीक्षक समोर बसतो आणि पहिल्या मिनिटातच विचारतो, तुम्ही नोकरी करता की शिकता? मग त्याच्यावरच चार-पाच प्रश्न. काय करता, का करता, आवडतं का, बदलायचं आहे का. क्लासात तीन जण शिकवायचे आणि त्यांनी विषय वाटून घेतले होते. गाव, प्रवास, सणवार एका मॅडमकडे. कुटुंब आणि मित्र दुसऱ्या मॅडमकडे. सरांकडे फक्त काम.

एकदा कुटुंबवाल्या मॅडम बाळंतपणाला गेल्या. क्लासचा मालक सरांना म्हणाला, तेवढे दिवस तुम्हीच घ्या. सरांनी सरळ नाही म्हटलं. "त्यातला आपल्याकडं माल नाही," म्हणाले. मालक हसला, आम्हीही हसलो. सर हसले नाहीत, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे.

दुपारपर्यंत अकोला आणि संध्याकाळी पाचला अमरावती, असं त्यांचं अपडाउन. सकाळी एसटीने जायचं, दुपारी एसटीने यायचं. एवढ्या प्रवासात बाकीचे मास्तर झोपतात. सर शेजारच्या माणसाला विचारायचे, "भाऊ, तुमी काय करता?" मग मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचं सगळं काढून घ्यायचे. सकाळी कामावर गेल्यावर पहिला हात कशाला लावता? मध्ये पाणी प्यायला सुट्टी मिळते का? वर कोण असतो, तो कसा बोलतो? हे सगळं शंभर पानी वहीत. परतवाड्याला संत्र्याच्या बागेत माल छाटणारी बाई, जिनिंगमधला गठाण बांधणारा, बाळापूरचा गादी पिंजणारा, बोरगावचा पंक्चरवाला. संध्याकाळी क्लासात वही उघडायची आणि म्हणायचं, "आज आपन जिनिंगमध्ये कामाला आहो. बोला." मग कॅनडाला निघालेली नर्स इंग्रजीत कापसाच्या गठाणी बांधायची.

त्यामुळे आम्हाला जे शब्द आले ते दुसऱ्या कुठल्याच क्लासात कोणाला येत नव्हते. शिफ्ट बदलणं, सुपरवायझरच्या हाताखाली असणं, हंगामी काम, उक्तं काम, कामावरून कमी होणं, स्वतःचा धंदा असणं, एवढं सगळं आम्ही हातवारे करत बोलायचो. बाहेर एजंट लोक छापील नोट्स वाटायचे. त्यात ठरलेली वाक्यं. माय जॉब इज व्हेरी चॅलेंजिंग. आय हॅव अ हेक्टिक शेड्यूल. आय गेट जॉब सॅटिसफॅक्शन. यातलं एक जरी तोंडातून निघालं की सर टेबलावर डोकं ठेवून घोरायचे. खोटं खोटं नाही, चांगलं मोठ्याने. खालचा मेडिकलवाला वर पाहायचा.

"परीक्षक बी मानूस आहे," ते म्हणायचे. "सकाळपासून तीस जनांनी त्याले चॅलेंजिंग सांगतलं. त्याले झोप येऊन राहिली. त्याले जागं कर."

एक नर्स फारच भिडस्त होती. तिचं चॅलेंजिंग निघालं, सर घोरले, ती रडायला लागली. सरांनी डोकं वर करून तिला विचारलं, काल ड्यूटीवर पहिलं काय केलं? ती म्हणाली, एका म्हाताऱ्याची शीर सापडत नव्हती, चार वेळा टोचलं, तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. सर नीट बसले. हे इंग्रजीत सांग, म्हणाले. तिला ते सांगायला आठवडा लागला. परीक्षेत चांगले गुण पडले. विमानतळावरून तिने सरांना फोन केला, तेव्हा त्यांनी स्पीकर लावून आम्हा सगळ्यांना तो ऐकवला. विमानतळावरून सगळेच फोन करायचे. तिकडे पोचल्यावर फारसं कोणी केला नाही. मी एकदा चिडून बोललो तर मलाच म्हणाले, "कामात असतील ना बाप्पा. कामाचंच तं शिकवलं आपन त्याइले."

आता माझं सांगतो. वलगावच्या रस्त्याला आमचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी गुलछडी. पहाटे चारला उठून फुलं तोडायची, उजाडता अमरावतीच्या फुलबाजारात टाकायची, परत येऊन पाणी धरायचं. बीए झालो होतो आणि एका मावसभावामुळे परदेशी जायचं डोक्यात घेतलं होतं. क्लासच्या पहिल्या दिवशी सरांनी मला समोर बसवून विचारलं, व्हॉट डू यू डू? मी म्हटलं, "आय डू नथिंग, सर."

ते म्हणाले, हात दाखव. मी दाखवले. झेंडू तोडून बोटं काळी-पिवळी पडलेली असतात, ते साबणाने जात नाही. त्यांनी माझा हात धरून सगळ्या वर्गाला दाखवला. "हे काही नाही करत म्हने," म्हणाले. मग त्यांना जो राग आला तो पुढे मी पुष्कळदा पाहिला. आपल्या वऱ्हाडातल्या लोकांना एकच रोग आहे, म्हणाले. चारला उठतात, दिवस बुडेपर्यंत राबतात आणि कोणी विचारलं काय करता, तर म्हणतात, काही नाही, घरीच आहो. नोकरी नसली म्हणजे माणूस काही करतच नाही. परीक्षकाला तुम्ही तेच सांगता आणि तो बिचारा खरं धरतो.

रविवारी ते आमच्या मळ्यात हजर. उजाडायच्या आधी, ऑटो करून, पांढरा शर्ट खोचलेला. माझ्या मागे मागे चालत अर्धी टोपली झेंडू तोडला त्यांनी, आणि प्रत्येक गोष्टीला थांबवून विचारलं. देठ किती ठेवतो? ओलं फूल का नाही तोडत? पोत्यात दाबून भरलं तर काय होतं? आईला विचारलं, वहिनी, तुमी काय करता? आई म्हणाली, "मी काय करतो, काहीच नाही. नुसते हार गुंफतो." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

आईने त्यांना भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तीन वेळा घेतली. मग ओसरीवर बसूनच राहिले. बाजाराला गेलेला मी परत आलो तरी बसलेले, बाबांशी काही ना काही बोलत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठले. आई मला हळूच म्हणाली, "कोन आहे का नाही रे याले घरी?"

कोणी नव्हतं. आई-वडील गेलेले, भाऊ-बहीण नव्हते, आणि लग्न झालं नव्हतं. ते का झालं नाही, हे त्यांनीच एकदा सांगितलं, ते पण गंमत म्हणून. दर्यापूरकडे मुलगी पाहायला गेले होते. मुलीच्या मामाने पोहे पुढे करत विचारलं, पाव्हणे करता काय? सर म्हणाले, प्राध्यापक आहो. मामा म्हणाला, पक्के का कच्चे? "मी म्हटलं, सध्या कच्चा आहो," सर सांगत होते. "तं तो मामा म्हने, मंग पिकले म्हनजे या." आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या वर्षी ते पुन्हा दुसरीकडे गेले, तिथेही तेच. मग जाणं सोडलं. पर्मनंट झालो की पाहू, म्हणायचे. पर्मनंट झालो की खोली बदलू, पर्मनंट झालो की डॉक्टरला दात दाखवू. त्यांचं सगळंच त्या एका पत्रावर अडलेलं होतं.

मी परदेशी गेलो नाही. बोलण्यात मला आमच्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त गुण पडले, झेंडूच्या जोरावर. पण बाबांचा गुडघा गेला आणि मळा सोडणं जमलं नाही. सरच म्हणाले, एमए कर. केलं. सेट पास झालो. चांदूर बाजारच्या एका कॉलेजात मीही तासिकेवर लागलो. सरांना पेढे दिले तर म्हणाले, "ये बाप्पा, ये. या रांगेत लय जागा आहे."

मग ती जाहिरात आली. अकोल्याचं सरांचंच कॉलेज, इंग्रजी, एक जागा, कायम. इतकी वर्षं भरती बंद होती आणि आता उघडली होती. ही जागा भरली की तिथल्या तासिका संपणार, म्हणजे सरांचं जुलैचं पत्र संपणार, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकतो. पण कळत होतं. जाहिरात घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, सर, तुम्ही भरून राहिले ना अर्ज?

ते म्हणाले, नाही. पन्नाशी उलटली, आता कोण घेतं? आपण तो नाद सोडला. तू भर.

मला ते खोटं वाटायला पाहिजे होतं. वीस पत्रं वर्षवार लावून ठेवणारा माणूस नाद सोडत नाही. पण मला ते खरं हवं होतं, म्हणून मी खरं धरलं आणि वर त्यांनाच म्हटलं, मग माझी तयारी करून द्या.

ते म्हणाले, उद्यापासून ये. संध्याकाळी सातला, खोलीवर.

साईनगरला एका घराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. एक पलंग, एक खुर्ची, गॅस. दोन महिने मी रोज सातला जात होतो. मी खुर्चीवर, ते पलंगावर. एके दिवशी ते प्राचार्य व्हायचे, एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष, एके दिवशी नागपूरहून आलेले विषयतज्ज्ञ, प्रत्येकाचा आवाज वेगळा. अध्यक्ष झाले की पोट पुढे काढून बसायचे आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी आपलंच सांगत सुटायचे. तुम्हाला हीच नोकरी का हवी, या प्रश्नाचं माझं उत्तर त्यांनी पाच वेळा फेकलं. समाजसेवा नको, आवड नको, म्हणाले. मळ्यातून सुरू कर. फुलं कशी तोडतो ते सांग, मग पोरांना कसं शिकवतो ते आपोआप येईल. शेवटी जे उत्तर उभं राहिलं त्यातलं वाक्य न् वाक्य त्यांनी हाताने घासलेलं होतं.

तयारी झाली की खिचडी टाकायचे. नाही म्हटलं तर ऐकायचे नाहीत. मी निघालो की काहीतरी नवीन प्रश्न काढायचे, मला परत बसवायचे. त्या दोन महिन्यांत ते जेवढे हसले तेवढे मी त्यांना आठ वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. मी घरी आईला सांगायचो, सर माझ्यासाठी किती खूश आहेत. आई त्यांच्यासाठी भाजीचा डबा द्यायची.

मुलाखत मे महिन्यात. अकोल्याचं ऊन, व्हरांड्यात एक कूलर आणि बाकावर आम्ही बारा-तेरा जण. मी पोचलो तर बाकाच्या टोकाला सर बसलेले. मला इतकं बरं वाटलं. मी म्हटलं, "सर, एवढ्या उन्हात कशाले आले माझ्यासाठी?"

ते म्हणाले, "आलो." आणि मांडीवरची फाइल सरळ केली.

शिपायाने यादी वाचली तेव्हा तिसरं नाव त्यांचं होतं. माझं नववं. मी काय केलं असेल? काही नाही. मी बसून राहिलो. उठून घरी जायला दार उघडं होतं, बस मिळाली असती. मी आपली उत्तरं मनात म्हणत बसून राहिलो. त्यांचं नाव पुकारलं, ते आत गेले आणि फार लवकर बाहेर आले. नंतर तिथल्या कारकुनाने सांगितलं की आत त्यांना विचारलं होतं, वीस वर्षं तुम्ही इथे आहात, निवड झाली तर नवीन काय कराल? सर म्हणाले, जे करून राहिलो तेच करन. बस, एवढंच.

बाहेर येऊन ते सरळ माझ्याकडे आले. मला त्यांच्याकडे पाहवेना. माझी कॉलर एका बाजूला वळली होती, ती त्यांनी नीट केली.

"हळू बोल," म्हणाले. "घाई करू नको. फुलाचं आलं का दोन सेकंद थांब."

मी थांबलो. फुलांचं आलं तिथे बरोबर दोन सेकंद थांबलो. अध्यक्ष पुढे वाकले, विषयतज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. मी बाहेर आलो तेव्हा मला माहीत होतं की जागा माझी झाली आणि कोणाच्या उत्तरावर झाली तेही माहीत होतं. सर गेले होते. दुपारची बस त्यांना चुकवायची नसेल.

निवडीचं पत्र आठ-दहा दिवसांनी आलं. मी पेढे न घेता साईनगरला गेलो. सातलाच गेलो, सवयीने. दार वाजवायच्या आतच उघडलं. त्यांना आधीच कळलं होतं. बस, म्हणाले, चहा टाकला. मी खुर्चीवर बसलो आणि जे ठरवून आलो होतो ते बोललो. म्हटलं, सर, मी ही नोकरी घेत नाही.

ते घोरले नाहीत की रागावले नाहीत. समजूत घालावी तसं बोलले. तू सोडली तर दुसऱ्या नंबरवाल्याला मिळेल. मी पाचव्या नंबरवर आहो. मध्ये तिघं जण आहेत, ते काय सगळे सोडणार आहेत? गुपचूप रुजू हो आणि घरी बापाच्या गुडघ्याचं पहा.

मी म्हटलं, "तुमी अर्ज भरला होता. मंग मले नाही कावून म्हटलं? अन् मले शिकवलं कावून?"

ते पलंगावरची चादर सारखी करत राहिले. ती सारखीच होती.

"खरं सांगतलं असतं तं तू आला असता काय?"

"नसतो आलो."

"मंग."

मी चहा प्यायलो. मग ते आपणहूनच बोलले, माझ्याकडे न पाहता.

"जागा मले भेटत नाही, हे मले मालूम होतं. वीस वर्सांत तेवढं तं समजतंच. पन दोन महिने रोज सात वाजता कोनीतरी दार वाजवत होतं. तसं पहिले कधी झालं नव्हतं. मी सहापासून वाट पाहत बसत जाऊ. मी म्हटलं, हे तरी भेटलं."

मला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी दंडाला धरून वर बसवलं. मी म्हटलं, सर, मी येत जाईन. नोकरी लागली म्हणून काय झालं, रोज येत जाईन, असाच, सातला. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याने ते लगेच खरं धरलं.

"हौ," म्हणाले. "ये ना. आता वर्गात शिकवायची तयारी करू. तेबी लागते."

मी हो म्हटलं. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन पुन्हा विचारलं, उद्या सातला ना? मी पुन्हा हो म्हटलं. अकोल्यात कॉलेजजवळ मी आधीच खोली घेतली होती. मी ही नोकरी घेत नाही असं ज्या वेळी त्यांना म्हटलं, त्या वेळीसुद्धा त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती.